पाण्याचा हिशेब

आरोग्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत पाण्याविषयीं जो धडा असतो, तो प्रत्येक विद्यार्थ्यास तोंडपाठ आहे. पाणी दुहेरी फडक्यानें गाळून घ्यावें, गढूळ असल्यास त्यांत तुरटी फिरवावी, सांथीच्या दिवसांत तें उकळून प्यावें. हा धडा खरा आहे. पटकी, विषमज्वर, अतिसार व नारू यांसारख्या व्याधींपासून या साध्या नियमांनीं असंख्य जीव वांचविले आहेत, आणि त्यांची थोरवी कमी करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु हा धडा शिकून आपण ज्या एका समजुतीस येऊन पोहोंचलों आहों, ती समजूत मात्र आतां तपासून पाहिली पाहिजे. पाणी निवळ दिसलें, आणि तें घरीं गाळून उकळून घेतलें, म्हणजे घरच्या माणसांचें कर्तव्य संपलें व मुलेंबाळें निर्धास्त झालीं, अशी ती समजूत होय.

ज्या प्रदेशांत खाणी व कारखाने दाटीनें वसले आहेत, तेथें ही समजूत पुरी पडत नाहीं. रोगाचा जंतु सजीव असतो, म्हणून तो उष्णतेनें मरतो. शिसें, पारा, कॅडमियम, क्रोमियम किंवा सोमल यांस जीवच नाहीं. मग चुलीवर ठेवून मरणार काय? पाणी उकळतांना त्याची वाफ होऊन जाते, विरघळलेला धातु मात्र भांड्यांतच राहतो, आणि उरलेल्या पाण्यांत त्याचें प्रमाण उलट किंचित् वाढतें. फडक्याच्या विणीतून तो सहज पार होतो. अपायकारक होईल इतका धातु पाण्यांत असूनही त्या पाण्यास बहुधा रंग नसतो, वास नसतो, चवहि नसते. कांचेच्या पेल्यांत तें झऱ्याच्या पाण्यासारखेंच चमकतें.

आणि हें प्रमाण तरी किती अल्प असतें! भारतीय मानक ब्यूरोनें पिण्याच्या पाण्यासाठीं जें मानक ठरविलें आहे, त्याप्रमाणें एक लिटर पाण्यांत शिसें ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम व पारा ०.००१ मिलिग्रॅम यांहून अधिक असतां कामा नये. गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनीं थोडा हिशेब करून पाहावा. अवघें एक ग्रॅम कॅडमियम सुमारें ३,३३,००० लिटर शुद्ध पाणी या मर्यादेच्या काठावर आणून ठेवण्यास पुरेसें आहे. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर असे तेहतीस टँकर झाले. एवढ्या पाण्यांतील एवढासा धातु कोणत्या माउलीच्या डोळ्यांना दिसणार आहे?

म्हणून आमचें म्हणणें असें आहे कीं, औद्योगिक प्रदेशांत पाण्याची शुद्धता ही आतां केवळ घरच्या चुलीवर साधणारी गोष्ट राहिलेली नाहीं. ती जाहीर हिशेबाची गोष्ट झाली आहे. गांवच्या पैशाचा हिशेब जसा चार लोकांस पाहावयास मिळतो, तसा गांवच्या पाण्याचाहि मिळाला पाहिजे. जो पाणी पितो, त्याला तो हिशेब मागण्याचा व स्वतः तपासण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि त्यानें तो अधिकार प्रत्यक्ष बजावला पाहिजे.

आम्ही हें केवळ तर्कानें म्हणत नाहीं. जपान देशांत जिंझू नदीच्या कांठीं जें घडलें, त्याचा इतिहास हेंच सांगतो, आणि तो विद्यार्थ्यांनीं व पालकांनींहि समजून घेण्याजोगा आहे. ही नदी डोंगरांतून उतरून तोयामा प्रांतांतील सपाट प्रदेशांतून वाहत जाते व जपानच्या समुद्रास मिळते. वरच्या अंगास, शेजारच्या गिफू प्रांतांत, कामिओका येथें जस्ताची व शिशाची मोठी खाण होती. ती मित्सुई कंपनीच्या मालकीची होती. जस्ताच्या खनिजांत कॅडमियम निसर्गतःच थोडेंबहुत मिसळलेलें असतें. खनिज दळून व धुऊन त्यांतून जस्त वेगळें काढीत असतां उरलेला चुरा व सांडपाणी नदीच्या प्रवाहांत जाई, आणि त्याबरोबर कॅडमियमहि जाई. खालच्या अंगास शेतकऱ्यांचीं गांवें होतीं. तेंच पाणी पाटांनीं भातखाचरांत जाई, त्याच पाण्यावर पीक येई, आणि तेंच पाणी लोक पीत व स्वयंपाकास वापरीत.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून या गांवांत एक विलक्षण दुखणें आढळूं लागलें. तें विशेषेंकरून प्रौढ व उतारवयाच्या, अनेक बाळंतपणें झालेल्या स्त्रियांस जडे. प्रथम कंबर व मांड्या दुखत, चालतांना शरीर डुलूं लागे, पुढें अंथरूण धरावें लागे. आणि शेवटीं हाडें इतकीं दुबळीं होत कीं, खोकल्याच्या उबळीनेंहि बरगडी मोडे. रोगी स्त्रिया ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखतें, दुखतें’, असें कण्हत. म्हणून त्या रोगास लोकांनीं तेंच नांव दिलें. त्याचें कारण आज ठाऊक आहे. कॅडमियम मूत्रपिंडांत सांचतें व त्यांचें काम बिघडवितें. मग हाडांच्या पोषणास लागणारीं द्रव्यें लघवीवाटे वाहून जातात व हाडें मऊ पडतात. एकदां शरीरांत गेलेलें हें विष निम्में बाहेर पडावयासच दहा ते तीस वर्षें लागतात. तेव्हां रोज घेतलेला अंश किती लहान होता हा प्रश्न गौण ठरतो. तो किती वर्षें घेतला, हें महत्त्वाचें.

त्या काळीं मात्र हें कोणास उमगलें नव्हतें. निकस आहार, अतिश्रम, सूर्यप्रकाशाची व जीवनसत्त्वाची उणीव, अशीं नाना कारणें सांगितलीं जात. म्हणजे दोष काय तो त्या गरीब बायकांच्या ताटाचा व त्यांच्या राहणीचा! दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या गांवीं परत आलेले एक डॉक्टर, नोबोरू हागिनो, यांचें या उत्तरानें समाधान झालें नाहीं. त्यांनीं एक साधें काम केलें. रोग्यांचीं घरें त्यांनीं नकाशावर मांडलीं. आहार निकस असलेलीं व कष्ट करणारीं माणसें त्या प्रांतांत सर्वत्र होतीं. पण नकाशावरील ठिपके सर्वत्र विखुरले नाहींत. जिंझू नदीचें पाणी जेथें जेथें पाटानें पोंचत होतें, तेथेंच ते दाटून आले. १९५७ सालीं हागिनो यांनीं खाणीच्या सांडपाण्यावर उघड बोट ठेविलें. पुढें ओकायामा विद्यापीठाचे जुन कोबायाशी व शेतकीतज्ज्ञ किनइची योशिओका यांच्या साहाय्यानें कॅडमियमचा पुरावा हातीं आला, व १९६१ सालीं तो विद्वानांपुढें ठेवण्यांत आला. या खेड्यांतल्या डॉक्टरांची थट्टा झाली, त्यांच्यावर टीकाहि झाली. परंतु ठिपके जागचे हलले नाहींत. अखेर मे १९६८ मध्यें जपान सरकारनें हा रोग खाणींतून आलेल्या कॅडमियममुळेंच होतो असें मान्य केलें.

रोग प्रथम दिसल्यापासून कारण मान्य होईपर्यंत पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं. या काळांत पाणी कोणी झांकून ठेविलें नव्हतें. नदी सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहत होती. झांकलेला होता तो तिचा हिशेब. खाणींतून किती व काय सोडलें जातें, हें पाणी पिणाऱ्यास विचारतां येत नव्हतें, आणि आपल्या दुखण्याचें कारण सिद्ध करून दाखविण्याचें ओझें मात्र अंथरुणास खिळलेल्या बाईच्या शिरावर होतें. आमच्या मतें या सर्व कथेंत मोठा अन्याय कोणता असेल तर हाच. विष नकळत सांडलें असेल; परंतु शंका आल्यावरहि ज्याच्या हातीं पुरावा आहे त्यानें गप्प बसावें, आणि ज्याच्या हातीं कांहींच नाहीं त्यानें तो शोधावा, ही रीति नीतीस धरून नाहीं.

गांवकऱ्यांनीं १९६८ सालीं न्यायालयांत दाद मागितली. जपानच्या खाणविषयक कायद्यांत एक चांगली तरतूद होती. खाणीनें नुकसान केलें एवढें दाखविलें म्हणजे पुरे. मालकाचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नसे. ३० जून १९७१ रोजीं तोयामाच्या जिल्हा न्यायालयानें गांवकऱ्यांच्या बाजूनें निकाल दिला, व ९ ऑगस्ट १९७२ रोजीं वरच्या न्यायालयानेंहि तो कायम केला. नुकसानभरपाई मिळाली. येथपर्यंतची हकीकत अनेक देशांत थोड्याफार फरकानें घडलेली आढळेल. जिंझूच्या लोकांचें वैशिष्ट्य पुढेंच आहे.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशीं ते कंपनीच्या टोकियो येथील मुख्य कचेरींत गेले, व भरपाईखेरीज आणखी दोन गोष्टी त्यांनीं पदरांत पाडून घेतल्या. बिघडलेल्या शेतजमिनी कंपनीनें पूर्ववत् करून द्याव्या, ही एक. आणि गांवकऱ्यांस वाटेल तेव्हां, आपल्या पसंतीचे तज्ज्ञ बरोबर घेऊन, कारखान्यांत शिरून तपासणी करण्याची मोकळीक असावी, व त्या तपासणीचा खर्च कंपनीनें सोसावा, ही दुसरी. त्या वर्षापासून शेतकरी, त्यांचे वकील व शास्त्रज्ञ दरवर्षीं खाणीवर जाऊं लागले. कोणत्या नळांतून काय वाहतें, कोणत्या ढिगाऱ्यांतून काय झिरपतें, हें ते पाहत, मोजत, लिहून ठेवीत व सुधारणा सुचवीत. नदींतील कॅडमियम हळूहळू घटत जाऊन अखेर निसर्गांत आढळणाऱ्या प्रमाणाच्या जवळपास आलें. शेतांची माती बदलण्याचें काम मात्र २०१२ सालापर्यंत चाललें. विष नदींत सोडावयास फार खर्च आला नव्हता. जमिनींतून तें काढावयास एका पिढीचें आयुष्य लागलें.

येथें आमच्या पालकवर्गांतील कित्येकांच्या मनांत एक शंका येईल, व ती रास्त आहे. ‘आमच्या घरची चूल कारखान्यावर पेटते. पाण्याची चौकशी करूं गेलों आणि कारखानाच बंद पडला, तर मुलांस खावयास काय घालावें?’ या प्रश्नास उडवाउडवीचें उत्तर देणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें. जस्ताची बादली, पत्र्याचें छप्पर, पायांतील चामडी जोडा, गाडींतील बॅटरी, या सर्व वस्तु आपण वापरतों. त्या कोठें तरी तयार होणारच. पण कामिओकाची खाण तपासणीमुळें बंद पडली नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. गांवकऱ्यांचा पहारा बसल्यानंतरहि तिचें खोदकाम पुढें २००१ सालापर्यंत चालूच होतें. हिशेब तपासला म्हणून दुकान बुडत नाहीं. शिवाय कारखान्याच्या सांडपाण्याशीं ज्याचा पहिला संबंध येतो, तो तेथें राबणारा कामगार व त्याच्या वस्तींतील मूलच होय. भाकर व पाणी यांपैकीं एक निवड, असें त्याला सांगणें हीच मुळांत फसवणूक आहे.

दुसरी शंका सुखवस्तु घरांतून येते. ‘आम्हीं पाणी शुद्ध करण्याचें उत्तम यंत्र घेतलें आहे, आतां आम्हांस काळजी कशाची?’ सूक्ष्म पडद्यांतून पाणी दाबून काढणारीं यंत्रें बराचसा धातु अडवितात, हें खरें आहे. परंतु अडविलेला धातु नाहींसा होत नाहीं. तो यंत्राच्या टाकाऊ पाण्याबरोबर गटारांत जातो. त्याच भूजलावर पिकलेली भाजी व धान्य त्याच घरांत शिजतें, आणि जिंझूच्या कांठचें विष पाण्याइतकेंच भातांतूनहि पोटांत गेलें होतें. ज्या मुलाच्या घरीं असें यंत्र नाहीं, तें मूल त्याच वर्गांत, त्याच बांकावर बसतें, हेंहि विसरतां येत नाहीं. शिशाचा परिणाम तर सर्वांत अधिक लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर होतो. त्यांच्या बाबतींत शिशाचें अमुक प्रमाण निर्भय आहे असें आज वैद्यकशास्त्र म्हणत नाहीं. वर्गांत ज्यास आपण ‘मंद’ म्हणून बाजूस सारतों, त्याचें पाणी कधीं कोणी तपासलें आहे काय?

हा प्रश्न परदेशापुरता नाहीं. आपल्या देशांतहि कानपुराजवळ गंगेकांठीं जाजमऊ येथें चामडें कमावण्याचा धंदा वाढला. त्यास क्रोमियमचे क्षार लागतात, आणि त्या भागांतील भूजलांत क्रोमियम आढळलें आहे. तामिळनाडूंतील राणीपेट येथें क्रोमियमचे क्षार करणारा एक कारखाना १९९० नंतरच्या दशकांत बंद पडला. परंतु त्यानें टाकलेला लाखाहून अधिक टन कचरा मागें राहिला, व पावसाचें पाणी त्यांतून जमिनींत झिरपत गेलें. कारखान्याच्या दारास कुलूप लागतें, मालक निघून जातो, कामगार दुसरीकडे पोट भरतात. धातु मात्र गांव सोडीत नाहीं.

मग जिंझूच्या शेतकऱ्यांसारखा अधिकार आपणांस नाहीं काय? वाचकांपैकीं पुष्कळांस ऐकून आश्चर्य वाटेल, पण कांहीं अंशीं तो आहे. जलप्रदूषणास आळा घालण्यासाठीं १९७४ सालीं आपल्या संसदेनें जो कायदा केला, त्याच्या २५ व्या कलमांत असें सांगितलें आहे कीं, सांडपाणी सोडणाऱ्यांवर घातलेल्या अटींची नोंदवही राज्याच्या मंडळानें ठेवावी, आणि त्या सांडपाण्याची झळ लागणाऱ्या कोणाहि माणसास ती वाजवी वेळीं पाहूं द्यावी. महाराष्ट्रांत हें काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. पुढें २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें सरकारी कागदपत्रें पाहण्याचा, त्यांच्या नकला मागण्याचा, इतकेंच नव्हे तर पदार्थांचे प्रमाणित नमुने घेण्याचाहि हक्क नागरिकांस दिला. अर्थात् कारखान्यांत वाटेल तेव्हां शिरण्याची जिंझूकरांची मोकळीक याहून मोठी आहे. पण हातीं असलेली किल्ली आपण कुलपास लावून तरी पाहिली आहे काय? नोंदवही आहे, पण ती उघडावयास जाणारा माणूस विरळा, अशी आपली स्थिति आहे. जो हिशेब कोणी मागत नाहीं, तो नीट ठेवण्याची चिंता ठेवणाऱ्यासहि फारशी राहत नाहीं.

यावर आम्हांस तीन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली शाळेपुरती. जी शाळा कारखान्यांच्या टापूंत आहे, तिनें आपल्या पिण्याच्या पाण्याचा नमुना वर्षांतून एकदां तरी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत पाठवावा. केवळ जंतूंसाठीं नव्हे, तर शिसें, कॅडमियम, क्रोमियम, पारा व सोमल यांसाठींहि. आलेलें उत्तर, बरें असो कीं वाईट, परीक्षेच्या निकालाप्रमाणें फलकावर लावावें. दुसरी पालकांसाठीं. ज्या विहिरीचें, कूपनलिकेचें वा नळाचें पाणी घरीं येतें, त्याच्या तपासणीचा कागद ग्रामपंचायतींत किंवा नगरपालिकेंत जाऊन पाहावा. कागद नसेल तर लेखी अर्ज करावा. चार घरांनीं मिळून केल्यास अधिक बरें. तिसरी विद्यार्थ्यांसाठीं. धातूची तपासणी शालेय प्रयोगशाळेंत होण्यासारखी नाहीं, पण नकाशा काढण्यास कोणी अडविलेलें नाहीं. आपल्या गांवांतील विहिरी, ओढे, कारखान्यांचे नाले व वस्त्या भूगोलाच्या वहींत मांडा. कोणतें पाणी कोठून येतें व कोठें जातें, हें मोठ्या माणसांस विचारून लिहा. डॉक्टर हागिनो यांनीं याहून फारसें निराळें कांहीं केलें नव्हतें.

पाणी मागणाऱ्यास आपल्या समाजांत कोणी नकार देत नाहीं. तहानलेल्यास पाणी पाजणें हें आपण पुण्य मानतों. त्या पाण्यांत काय आहे हें विचारणाऱ्यासहि तसाच मान मिळावा, अशी आमची इच्छा आहे. तो भांडखोर नव्हे, कारखान्याचा शत्रु नव्हे व गांवची अब्रू चव्हाट्यावर मांडणाराहि नव्हे. तो आपल्या व शेजाऱ्याच्या मुलांचा हिशेब तपासणारा जबाबदार नागरिक आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी उद्यां रसायनशास्त्रज्ञ होतील, कोणी कारखान्याचे व्यवस्थापक होतील, कोणी सरकारी अधिकारी होतील, आणि पुष्कळजण साधे गृहस्थ होतील. जे हिशेब ठेवतील त्यांनीं तो खरा ठेवावा, आणि जे पाणी पितील त्यांनीं तो मागण्यास संकोच करूं नये, एवढेंच आमचें त्यांस सांगणें आहे.